जुन्या ब्लेंडेड माल्ट स्कॉचच्या बाटल्या: ओळखायच्या कशा, जमवायच्या कशा, किंमत काढायची कशी

ब्रिटनमधल्या व्हिस्की लिलावांची यादी चाळताना नवख्याची नजर थेट मोठ्या सिंगल माल्टवर (एकाच डिस्टिलरीची, मोड आणलेल्या सातूची व्हिस्की) जाते आणि तिथले भाव पाहून तो परत फिरतो. त्याच यादीत खाली 'प्युअर माल्ट, १२ वर्षे' किंवा 'व्हॅटेड माल्ट' एवढंच लिहिलेल्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या ब्लेंडेड माल्टच्या बाटल्या असतात. त्यांत त्या काळची उत्तम माल्ट असते, भाव त्या मानाने पुष्कळ कमी असतो, आणि बहुतेकांना त्या वाचताच येत नाहीत. हा लेख ते वाचन शिकवण्यासाठी आहे. लेबल, टोपण, काच आणि आतल्या व्हिस्कीची पातळी या चार गोष्टी नीट पाहता आल्या की किंमत काढणं हा साधा हिशेब राहतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. व्हिस्की बाटलीत मुरत नाही. बारा वर्षांची व्हिस्की १९७५ साली बाटलीत भरली असेल तर ती आजही बारा वर्षांचीच आहे. 'जुनी' याचे दोन अर्थ होतात, पिंपात किती वर्षं राहिली आणि बाटलीत कधी भरली, आणि विकणारे या दोन्हींची सरमिसळ करतात. लेबलावर १९६४ सारखं एकच साल असेल तर ते बहुधा गाळल्याचं साल असतं. भरल्याचं साल बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, ते आपल्याला काढावं लागतं.

हाताशी काय हवं

साधनं: चांगली टॉर्च, अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च, भिंग, मिलिमीटरची पट्टी, १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, पॅराफिल्म (प्रयोगशाळेत बुचांवर गुंडाळतात ती मेणासारखी ताणणारी पट्टी) आणि फोनचा कॅमेरा.

कागदपत्रं: खरेदीची पावती किंवा लिलावाचं बिल, विकणाऱ्याने दिलेलं वर्णन जसंच्या तसं, बाटली हातात आली त्या दिवशीचे फोटो (समोरून, मागून, बूड, टोपण, पातळी), परदेशातून आली असेल तर सीमाशुल्काची पावती. प्रत्येक बाटलीसाठी वहीत किंवा शीटमध्ये एक ओळ ठेवा. पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा या ओळीचे पैसे होतात.

१. नावाचा घोळ आधी सोडवा

दोन किंवा अधिक डिस्टिलरींच्या सिंगल माल्ट एकत्र केल्या की ती ब्लेंडेड माल्ट. तिच्यात ग्रेन व्हिस्की (मका, गहू अशा इतर धान्यांपासूनची) अजिबात नसते. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, टीचर्स, व्हॅट ६९ या ब्लेंडेड स्कॉच, म्हणजे माल्ट आणि ग्रेन यांचं मिश्रण. दोन नावांत एका शब्दाचा फरक, पण वर्ग पूर्ण वेगळा. व्हॅट ६९ मधल्या 'व्हॅट'वरूनही फसू नका. व्हॅट म्हणजे मिश्रणाचं मोठं भांडं, त्यात काय मिसळलं ते तो शब्द सांगत नाही.

'ब्लेंडेड माल्ट' हे कायदेशीर नाव आलं 'स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्स २००९' मधून. हे नियम २३ नोव्हेंबर २००९ रोजी लागू झाले आणि स्कॉचचे पाच वर्ग ठरले: सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन, ब्लेंडेड स्कॉच. त्यामागे २००३ चा कार्डू वाद होता. डियाजिओ या मद्य कंपनीने कार्डू या प्रसिद्ध सिंगल माल्टच्या जागी जवळपास तशाच बाटलीत 'कार्डू प्युअर माल्ट' आणली, तिच्यात इतर डिस्टिलरींची माल्टही होती. इतर उत्पादकांनी जोरदार हरकत घेतली आणि ती मागे घ्यावी लागली. ती बाटली आज संग्राहक मुद्दाम शोधतात.

म्हणून २००९ च्या आधीच्या बाटलीवर 'ब्लेंडेड माल्ट' शोधत बसू नका. त्या काळचे शब्द वेगळे होते: व्हॅटेड माल्ट, प्युअर माल्ट, ऑल माल्ट, 'अ ब्लेंड ऑफ सिंगल माल्ट्स'. सगळ्यात मोठा सापळा 'प्युअर माल्ट' या शब्दाचा. हा शब्द व्हॅटेड माल्टवर असे तसाच सिंगल माल्टवरही असे. ग्लेनफिडिकच्या जुन्या बाटल्यांवर तो ठळक छापलेला आहे. त्यामुळे 'प्युअर माल्ट' दिसलं की पुढचा प्रश्न विचारा: लेबलावर एकाच डिस्टिलरीचं नाव आहे का? असेल तर सिंगल माल्ट असण्याची शक्यता मोठी. नाव डोंगराचं, नदीचं किंवा 'ग्लेन अमुक' असं असून त्या नावाची डिस्टिलरीच कधी नव्हती, तर व्हॅटेड माल्ट समजून पुढचा तपास करा. जपानच्या निक्काची प्युअर माल्टही लिलावात याच रांगेत दिसते. ती स्कॉच नाही, तिचा बाजार वेगळा.

२. बाटली कधी भरली ते काढा

किंमतीवर सगळ्यात मोठा परिणाम याच पायरीचा होतो. एकाच खुणेवर विसंबू नका. तीन खुणा एकाच दशकाकडे बोट दाखवू लागल्या की मगच मानायचं.

माप आणि जोर. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या जुन्या बाटल्यांवर '२६⅔ फ्लुइड औंस' आणि '७०° प्रूफ' (प्रूफ म्हणजे जोर, अर्थात मद्यार्काचं प्रमाण, मोजण्याची जुनी पद्धत) असं असतं. हे १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललं. १ जानेवारी १९८० पासून ब्रिटनने मद्याचा जोर टक्क्यांत मोजायला सुरुवात केली. मग १९८० च्या दशकात '७५ सीएल, ४०%' (सीएल म्हणजे सेंटिलिटर, १० मिली) आणि १९९० च्या सुरुवातीपासून युरोपभर '७० सीएल'. म्हणजे ब्रिटिश बाजारातली ७५ सीएलची बाटली दिसली की ढोबळमानाने १९८० चं दशक. दोन्ही मापं एकत्र छापलेली बाटली बदलाच्या काळातली.

ब्रिटिश प्रूफचे टक्के करायला ४ ने गुणून ७ ने भागा. ७०° म्हणजे ४०%, ७५° म्हणजे जवळपास ४३%, १००° म्हणजे ५७.१%. अमेरिकन प्रूफ निराळं आहे, त्याचं सरळ निम्मं करायचं: ८६ प्रूफ म्हणजे ४३%. '१०० प्रूफ' लिहिलेल्या दोन बाटल्यांपैकी ब्रिटिश असेल ती ५७.१% आणि अमेरिकन असेल ती ५०%. इथे नवखे हमखास चुकतात, आणि चूक महाग पडते, कारण जास्त जोराच्या बाटलीला भाव जास्त असतो.

कुठल्या बाजारासाठी भरली. अमेरिकेत १९८० च्या आधी '४/५ क्वार्ट', नंतर '७५० एमएल'. म्हणून ७५ सीएलवरून १९८० चं दशक ठरवण्याचा नियम अमेरिकन बाटलीला लावू नका. तिथे ७५० एमएल आजही चालतं. काचेत 'फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर रियूज ऑफ धिस बॉटल' ही ओळ उठावात असेल तर बाटली १९३५ ते १९६४ च्या दरम्यानच्या साच्यातली. मागे आरोग्याचा सरकारी इशारा छापलेला असेल तर नोव्हेंबर १९८९ नंतरची. जपानमध्ये विकलेल्या बाटलीवर 'विशेष श्रेणी' अशा अर्थाची दोन चिनी अक्षरं असतील तर ती १९८९ च्या आधीची, कारण त्या वर्षी तिथला मद्यकराचा कायदा बदलला आणि ही श्रेणी गेली. इटलीच्या बाटलीवर टोपणावरून गेलेली कराची कागदी पट्टी आणि आयातदाराचं नाव सापडतं. १९६०-८० च्या काळात इटलीत माल्टचा मोठा बाजार होता, म्हणून तिथून आजही चांगला माल निघतो.

टोपण. आतून स्प्रिंग असलेलं धातूचं टोपण असेल तर बाटली साधारण १९३० ते १९६० च्या दशकांतली. त्यानंतर फिरकीचं टोपण सर्रास झालं. बूच असलेल्या बाटल्या दोन्ही काळांत मिळतात, म्हणून बुचावरून काही ठरवू नका.

नव्या काळच्या खुणा. बारकोड असेल तर १९८० च्या आसपास किंवा नंतर. 'एल' अक्षराने सुरू होणारा, काचेवर बारीक छापलेला लॉट क्रमांक असेल तर साधारण १९९० नंतर. ब्रिटनच्या उत्पादन शुल्काचा शिक्का लेबलावर असेल तर २००६ किंवा नंतर. पत्त्यात पोस्टकोड असेल तर फार जुनी नाही. पोस्टकोड देशभर पोचायला १९७४ उजाडलं.

लक्षात ठेवा, या खुणा 'याच्या आधीची नाही' हे खात्रीने सांगतात. 'याच्या नंतरची नाही' हे सांगायला त्या कच्च्या आहेत, कारण छापून ठेवलेली लेबलं कंपन्या संपेपर्यंत वापरत.

३. एक उदाहरण जवळून: जॉनी वॉकर ग्रीन

सरावासाठी ग्रीन लेबल सर्वांत सोयीची, कारण सहज मिळते आणि तिचे टप्पे स्पष्ट आहेत. १९९७ मध्ये ती 'जॉनी वॉकर प्युअर माल्ट, १५ वर्षे' या नावाने आली. २००४ मध्ये नाव 'ग्रीन लेबल' झालं. २००९ च्या नियमांनंतर लेबलावर 'ब्लेंडेड माल्ट' आलं. २०१२ च्या सुमारास तैवान वगळता जवळपास सगळीकडे ती बंद झाली आणि २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आली. पंधरा वर्षं आणि ४३% हे दोन्ही आकडे तेच राहिले. कंपनी टॅलिस्कर, लिंकवुड, क्रॅगनमोर आणि कोल इला या चार मुख्य माल्टची नावं सांगते.

आता समजा, समोर चौकोनी हिरवी बाटली आहे, ७० सीएल, १५ वर्षं, ४३%. वय आणि जोर यांवरून काहीच कळत नाही. मग क्रम असा: नावात 'ग्रीन लेबल' आहे का? नसून 'प्युअर माल्ट' आहे, तर १९९७ ते २००४ चा पहिला टप्पा. आहे आणि वर्गाच्या ओळीत 'ब्लेंडेड माल्ट' आहे, तर काचेवरचा लॉट क्रमांक भिंगाने वाचा आणि शुल्काचा शिक्का पाहा. बाटली बंद पडण्याआधीची की २०१६ नंतरची, हे लेबलाच्या रचनेवरून कळतं. लिलावांच्या जुन्या नोंदींतले फोटो शेजारी ठेवून अक्षरांची जाडी, चालणाऱ्या माणसाचं चित्र आणि खोक्याची बाजू ताडून पाहा. आजही दुकानात मिळणाऱ्या बाटलीला संग्रहाची किंमत देऊ नका. पहिल्या टप्प्याची खोक्यासकट बाटली मात्र घेण्यासारखी.

४. कोणती बाटली जमवावी

सगळं जमवायला गेलात तर कपाट भरेल आणि संग्रह होणार नाही. एक धागा पकडा. आमच्या मते सुरुवातीला पुढच्या चारांपैकी एकच निवडावा.

पहिला, मोठ्या ब्लेंडिंग घराण्यांच्या १९७०-८० च्या व्हॅटेड माल्ट. जेम्स ब्यूकॅननची 'स्ट्रॅथकॉनन' १२ वर्षे हे चांगलं उदाहरण. भाव आवाक्यात, आणि त्या काळच्या कंपनीकडे स्वतःच्या अनेक डिस्टिलरी असल्याने आतला माल दर्जेदार.

दुसरा, एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेल या १८९५ पासूनच्या बॉटलरची (इतरांची व्हिस्की घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरणाऱ्या कंपनीची) व्हॅटिंग, म्हणजे मिश्रणं. 'प्राइड ऑफ आयला', 'प्राइड ऑफ ऑर्कनी', 'प्राइड ऑफ स्ट्रॅथस्पे' अशी प्रदेशवार मालिका त्यांनी काढली. १९८१ च्या चार्ल्स-डायना विवाहासाठी त्यांनी १९४८ आणि १९६१ या दोन सालांच्या माल्टचं मिश्रण भरलं. ती दोघांची जन्मवर्षं. अशा प्रसंगाच्या बाटलीला व्हिस्की जमवणारे आणि राजघराण्याच्या वस्तू जमवणारे, असे दोन गिऱ्हाईक वर्ग मिळतात.

तिसरा, अलीकडचा काळ. २००० मध्ये सुरू झालेली कंपास बॉक्स ही व्हिस्की मिसळणारी कंपनी इथे महत्त्वाची. त्यांच्या 'स्पाइस ट्री'च्या पहिल्या आवृत्तीत पिंपाच्या आत ओकच्या जादा फळ्या बसवल्या होत्या. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने ते परंपरेत बसत नाही म्हटलं आणि ती थांबवावी लागली. २००९ मध्ये ती वेगळ्या पद्धतीने परत आली. म्हणजे एकाच नावाच्या दोन बाटल्या, आणि पहिलीला वेगळा भाव. २०११ मध्ये 'व्हॅटेड' शब्द लेबलावरून जाताना त्यांनीच 'द लास्ट व्हॅटेड माल्ट' काढली.

चौथा धागा जरा गुंतागुंतीचा आहे: 'चमचाभर' माल्ट. डिस्टिलरी आपली पिंपं दुसऱ्यांना विकताना त्यांत दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर माल्ट टाकते. कायद्याने ती ब्लेंडेड माल्ट होते आणि विकत घेणाऱ्याला मूळ नाव लेबलावर वापरता येत नाही. 'बर्नसाइड' म्हणजे बहुतांश बाल्व्हेनी, 'वॉर्डहेड' म्हणजे ग्लेनफिडिक, 'वेस्टपोर्ट' म्हणजे ग्लेनमोरँजी. पिण्यासाठी घेणाऱ्याला हा फायद्याचा सौदा आहे. पुनर्विक्रीत मात्र खरेदीदाराला ही नावं माहीत असावी लागतात, म्हणून गिऱ्हाईक कमी.

एक इशारा. 'त्या काळची आहे, म्हणजे आत पोर्ट एलन असणार, ब्रोरा असणार' असं सांगून भाव चढवला जातो. या दोन्ही डिस्टिलरी १९८३ मध्ये बंद पडल्या (आता दोन्ही पुन्हा सुरू आहेत) आणि त्यांची जुनी माल्ट दुर्मीळ आहे, हे खरं. पण लेबलावर किंवा उत्पादकाच्या लेखी माहितीत ते नसेल तर त्या शक्यतेसाठी एक पौंडही जादा मोजू नका.

५. अवस्था तपासा

पातळी. बाटली सपाट जागी उभी करा, मागे पांढरा कागद, शेजारी पट्टी, आणि डोळे पातळीच्या रेषेत आणून फोटो काढा. गळ्यात असेल तर उत्तम. गळा जिथे खांद्याला मिळतो तिथपर्यंत असेल तर सत्तरीच्या दशकातल्या बाटलीला ते चालण्यासारखं. खांद्याच्या मध्याच्या खाली गेली असेल तर संग्रहासाठी घेऊ नका. उडताना पाण्याबरोबर मद्यार्कही उडतो, हवा आत येते, आणि उरलेली व्हिस्की पुठ्ठ्यासारखी, मिळमिळीत लागण्याचा धोका वाढतो. यादीत पातळीचा फोटो नसेल तर मागून घ्या. देत नसतील तर सोडून द्या.

टोपणाची घट्टाई. फिरकीचं टोपण बोटांनी अलगद दाबून पाहा, फिरवू नका. सील तुटलं की संग्रहाची किंमत गेली. गळती तपासायची तर टोपणाभोवती कोरडा टिश्यू धरून बाटली दोन-तीन सेकंदच तिरकी करा. जुन्या बुचाच्या बाटलीला हेही करू नका.

आतला द्रव. टॉर्च मागून धरा. बुचाचा भुगा तळाशी असेल तर बूच विरघळत चाललंय. ४०-४३% च्या बाटलीत थंडीमुळे हलका धूसरपणा येऊ शकतो, खोलीच्या तापमानाला दोन दिवस ठेवल्यावर तो जातो. जात नसेल, किंवा तरंगणारे पुंजके असतील, तर घेऊ नका.

लेबल आणि काच. फाटलेल्या कडेपेक्षा चिकटवून दुरुस्त केलेली कड वाईट. लेबलाचा रंग उडालेला असेल तर बाटली उन्हात राहिली आहे. पारदर्शक काचेत आतल्या व्हिस्कीनेही ते ऊन खाल्लेलं असतं. खोकं असेल तर ते त्याच काळाचं आहे का पाहा. नव्या टप्प्याच्या खोक्यात जुनी बाटली घालून 'खोक्यासकट' विकणं फार चालतं. खोक्यावर बारकोड आणि बाटलीवर फ्लुइड औंस, अशी जोडी जमत नाही.

६. किंमत काढा

मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. दुकानाच्या संकेतस्थळावर दोन वर्षं पडून असलेल्या बाटलीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. झालेल्या लिलावांतल्या शेवटच्या बोली पाहा. ग्लासगोची स्कॉच व्हिस्की ऑक्शन्स आणि पर्थची व्हिस्की ऑक्शनियर या दोन्ही ठिकाणी झालेल्या लिलावांच्या नोंदी सापडतात.

तुमच्या बाटलीसारख्याच, म्हणजे तोच टप्पा, तोच जोर, तेच माप, जवळपास तीच पातळी असलेल्या शेवटच्या पाच-सहा विक्री काढा. समजा आकडे असे आले: ९०, ९५, १००, १०५, ११० आणि २१० पौंड. सरासरी ११८ येते, पण ती चुकीची वाट दाखवते. २१० च्या बाटलीला खोकं असेल, किंवा दोन बोलीदार हट्टाला पेटले असतील. मधली किंमत, म्हणजे १०० आणि १०५ च्या मधली, साधारण १०२ पौंड, हा तुमचा आधार. मग अवस्थेनुसार खाली-वर करा.

आता खर्च. पुढचे दर हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, प्रत्येक लिलावगृहाचे वेगळे असतात. शेवटची बोली १०० पौंड. खरेदीदाराची दलाली १२%, म्हणजे १२ पौंड. दलालीवर २०% व्हॅट (मूल्यवर्धित कर), २.४०. टपाल १२. तुमच्या खिशातून गेले १२६.४०. तीच बाटली विकताना ८% कमिशन, त्यावर व्हॅट आणि यादीत घालण्याचे ५ पौंड धरले, तर १०० च्या बोलीवर हातात येतात ८५.४०. खर्च केलेले १२६.४० नुसते परत मिळवायलाच पुढची बोली १४५ च्या आसपास जावी लागेल. बोली लावायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडा. ब्लेंडेड माल्टचे भाव मोठ्या सिंगल माल्टसारखे उड्या मारत नाहीत, म्हणून दोन वर्षांत दुप्पट होतील या आशेने घेणाऱ्याची निराशा होते.

७. खरेदी आणि बनावट माल

पहिल्या दोन लिलावांत बोली लावूच नका, नुसते पाहा. नंतर दलाली धरून कमाल आकडा आधी ठरवा आणि तिथेच थांबा.

२०१८ मध्ये स्कॉटिश युनिव्हर्सिटीज एन्व्हायर्नमेंटल रिसर्च सेंटरमध्ये ५५ दुर्मीळ बाटल्यांची कार्बन चाचणी झाली, त्यांपैकी २१ बनावट किंवा लेबलावरच्या सालाशी न जुळणाऱ्या निघाल्या. १९५० च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, तो सातूत उतरला, म्हणून ही चाचणी शक्य होते. ब्लेंडेड माल्टमध्ये भाव कमी असल्याने पूर्ण बनावट बाटली क्वचित भेटते. इथला नेहमीचा धोका चुकीच्या वर्णनाचा असतो: १९८० ची बाटली १९६० ची म्हणून, किंवा ब्लेंडेड स्कॉच माल्ट म्हणून.

तरी अतिनील टॉर्च लावून पाहा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. १९३० च्या म्हणून विकलेल्या बाटलीचं लेबल निळसर-पांढरं लखलखलं तर हात आखडता घ्या. १९७० च्या लेबलाच्या बाबतीत मात्र ते लखलखणं काहीच सिद्ध करत नाही.

ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय मद्य विकता येत नाही. समाजमाध्यमांवरच्या गटांतून अनोळखी माणसाला थेट पैसे पाठवणं टाळा; फसवणूक झाली तर दाद मागायला जागा उरत नाही. परवाना असलेलं लिलावगृह किंवा दुकान, एवढ्यातच राहा.

मिनिएचर हा स्वस्तातला अभ्यास आहे. जुन्या छोट्या बाटल्या १⅔ फ्लुइड औंसाच्या, नंतरच्या ५ सीएलच्या. लेबल वाचण्याचा सराव त्यांवर करा. त्या लवकर उडतात, म्हणून गुंतवणूक समजू नका.

८. साठवण

व्हिस्कीची बाटली उभी ठेवायची, वाइनसारखी आडवी कधीच नाही. ४०% च्या वरचा मद्यार्क बुचाला सतत लागला की बूच खातो. जागा अंधारी, थंड, तापमान फारसं न बदलणारी. पुण्या-नागपुरात माळा ही सगळ्यात वाईट जागा, उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते. मुंबई-कोकणात दमट हवेने लेबलाला बुरशी धरते. बाटली सैल प्लास्टिक पिशवीत घालून कपाटात सिलिका जेल ठेवा. टोपणाच्या सांध्यावर पॅराफिल्मचे दोन-तीन वेढे द्या, सील झाकूनच, काढून नव्हे.

दर वर्षी ठरलेल्या दिवशी प्रत्येक बाटलीचं वजन करून नोंदवा. ४०% व्हिस्कीचा १ मिली साधारण ०.९५ ग्रॅम भरतो. वजन १० ग्रॅमने घटलं तर साधारण साडेदहा मिली उडाली. डोळ्यांना पातळी उतरल्याचं कळायच्या कितीतरी आधी काटा सांगतो. पॅराफिल्म लावली तर वजन लावल्यानंतर पुन्हा करा, नाहीतर पुढच्या वर्षी हिशेब चुकेल.

९. महाराष्ट्रात आणायची असेल तर

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला शुल्कमुक्त सामानात २ लिटरपर्यंत मद्य आणता येतं. ७० सीएलच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही. विमानात २४ ते ७०% जोराचं मद्य चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत चालतं, पण मूळ बंद बाटलीत. दबाव बदलला की जुनं बूच पाझरू शकतं, म्हणून पॅराफिल्म, त्यावर पिशवी, मग कपडे. कुरिअरने मागवण्याच्या फंदात पडू नका; शुल्क, परवाने आणि अडकलेलं पार्सल यांत बाटलीपेक्षा जास्त खर्च होतो.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि घरातल्या साठ्यावर मर्यादा असते. संग्रह वाढवण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून चालू मर्यादा विचारा आणि परवान्याची प्रत खरेदीच्या पावत्यांबरोबर ठेवा. परवान्याशिवाय इथे बाटली विकणं गुन्हा आहे, ओळखीच्या माणसालाही. म्हणून पुढे विकण्याचा विचार असेल तर बाटली ब्रिटनमध्येच ठेवा. काही लिलावगृहं जिंकलेला माल ठरावीक शुल्कात आपल्या गोदामात सांभाळतात आणि तिथूनच पुढच्या लिलावात घालतात. गोदामाचं महिन्याचं भाडं आणि विम्याची रक्कम सहाव्या पायरीतल्या हिशेबात धरायला विसरू नका.